तीन लाख किलोमीटर झाले, आता?

जून २०१० मध्ये केंद्र सरकारने पेट्रोलचे दर बाजारावर सोडले. डिझेलवरचं अनुदान मात्र पुढे ऑक्टोबर २०१४ पर्यंत चालू राहिलं. मधल्या काळात दोन्हींच्या दरात लिटरमागे पंचवीस-तीस रुपयांपर्यंत फरक पडला आणि सातारा-सांगलीत जो तो डिझेल गाडीच्या मागे लागला. स्विफ्ट, डिझायर, व्हिस्टा, बोलेरो, इनोव्हा. पैसे भरूनही गाडीसाठी महिनोन्‌महिने थांबावं लागे. त्या वेळच्या गाड्या आता एकापाठोपाठ एक पंधरा वर्षांच्या होताहेत. एमएच ११, एमएच ५० आणि एमएच १० च्या अशा कित्येक गाड्यांचा काटा तीन लाखांच्या पुढे गेला आहे, आरसी बुकातली मुदत संपत आली आहे, आणि घरात विषय निघतो: पुन्हा पासिंग करून घ्यायचं, की गाडी देऊन टाकायची?

या पिढीच्या गाड्यांबाबत आणखी एक अडचण आहे. मारुतीने एप्रिल २०२० पासून डिझेल गाड्या बनवणंच बंद केलं. म्हणजे डिझेल स्विफ्ट विकून नवी डिझेल स्विफ्ट घेऊ म्हटलं, तरी ती मिळणार नाही. जुनी गाडी गेली की त्या प्रकारची गाडीच हातची जाते. त्यामुळे हा निर्णय घाईने घेण्यासारखा नाही.

बहुतेक जण काटा बघून ठरवतात. दोन लाख झाले, आता काढून टाकू. तीन लाख झाले, आता हिच्यात काही राहिलं नाही. मला हा आकडा सगळ्यात कमी कामाचा वाटतो. लाखभर किलोमीटरमध्ये गाडीचं किती आयुष्य गेलं हे ती कुठे आणि कशी पळाली यावर अवलंबून असतं. आपल्या दोन जिल्ह्यांत तर हा फरक ठसठशीत दिसतो.

खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ या भागातली हजारो कुटुंबं सोन्या-चांदीच्या गलाईसाठी देशभर पांगली आहेत. दिवाळीला, गावच्या यात्रेला, लग्नसराईला ती माघारी येतात, तेव्हा विट्याच्या रस्त्यावर तमिळनाडूपासून पंजाबपर्यंतच्या नंबरप्लेट दिसतात. या गाड्या एका दमात हजार किलोमीटर मारतात. इंजिन सकाळी एकदा तापलं की दिवसभर एका लयीत चालतं, गिअर फारसे बदलावे लागत नाहीत, क्लचवर पाय कमी पडतो, स्टार्टर दिवसातून चार-पाच वेळाच फिरतो. वेळच्या वेळी ऑइल बदललेली अशी गाडी तीन लाखांनंतरही आतून ठणठणीत असू शकते.

आता दुसरी गाडी बघा. रोज सकाळी मळ्यातून डेअरीपर्यंत दोन किलोमीटर, परत दोन किलोमीटर, दुपारी शाळेपर्यंत तेवढंच. काटा जेमतेम सत्तर हजारांवर. पण हिचं इंजिन कधी पुरतं तापतच नाही. थंड इंजिनात न जळलेलं इंधन आणि पाण्याची वाफ ऑइलमध्ये उतरते, ऑइल पातळ आणि आंबट होतं, आणि झीज सगळ्यात जास्त होते ती याच सुरुवातीच्या काही मिनिटांत. वडापच्या जीपची तऱ्हा वेगळी: दर फर्लांगाला थांबा, दर थांब्याला पहिला गिअर, आणि बसलेली माणसं आसनांच्या दुप्पट. तिथे इंजिनाआधी क्लच, गिअरबॉक्स आणि पाटे जातात. विकत घेणारा एजंट मात्र तिघींचाही काटाच बघणार. म्हणूनच जास्त पळालेल्या पण नीट राखलेल्या गाडीला बाजारात तिच्या लायकीपेक्षा कमी किंमत येते. ती राखणाऱ्याने ठेवण्यातच फायदा असतो.

किलोमीटरइतकाच महत्त्वाचा गाडीचा तालुका. महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. जावळी आणि पाटणच्या डोंगरी गावांतही तो महिनोन्‌महिने थांबत नाही. तिथून काही तासांच्या रस्त्यावर असलेल्या दहिवडीत किंवा आटपाडीत पाचशे मिलिमीटर गाठायची मारामार. एकाच वर्षी घेतलेल्या, सारख्याच पळालेल्या दोन गाड्या या दोन टोकांना राहिल्या की पंधरा वर्षांनी त्या दोन वेगळ्या वस्तू होतात. कोयनेकडच्या गाडीचा पत्रा खालून सडतो, ब्रेकचे पाइप गंजतात, सस्पेन्शनचे बोल्ट जागीच धरून बसतात. माण-आटपाडीच्या गाडीचा पत्रा बघा, नवा वाटेल. पण बारीक धूळ एअर फिल्टरमधून आत शिरून रिंग-पिस्टन खाते, आणि उन्हाने रबराचे बुश आणि सील वाळून तडकतात.

यांतलं कुठलं दुखणं परवडलं? माझ्या मते धुळीचं. इंजिन बांधता येतं, बुश नवे बसवता येतात. सडलेल्या पत्र्याला मात्र प्रत्येक गाडीत उपाय नसतो. आणि इथे गाडीच्या बांधणीचा प्रश्न येतो. बोलेरो, सुमो, इनोव्हा, पिकअप यांना खाली स्वतंत्र चेसी असते आणि वर बॉडी बोल्टने बसवलेली असते. बॉडीचा पत्रा सडला तरी कापून, जोडून, बदलून काम भागतं, चेसी शाबूत असली म्हणजे झालं. एसटी महामंडळ दापोडी, चिकलठाणा आणि हिंगण्याच्या कार्यशाळांत जुन्या चेसीवर नवी बॉडी चढवून गाड्या वर्षानुवर्षं चालवत आलं, ते याच बळावर. स्विफ्ट, इंडिका, वॅगन आर यांसारख्या गाड्यांना अशी वेगळी चेसी नसते. दारांखालची पट्टी, फरशी, पुढच्या शॉकॲब्सॉर्बरच्या वरचा पत्रा, हाच त्यांचा सांगाडा. तो गंजला की गाडीची ताकद गेली. वरून कितीही सुंदर डेंटिंग-पेंटिंग करा, धडक बसली तर ती चिपाडासारखी चेपणार.

म्हणून गाडी ठेवायची की नाही हे बघायला गॅरेजमध्ये गेलात, तर बॉनेट उघडायच्या आधी ती रॅम्पवर चढवायला सांगा. चांगला फिटर हातात स्क्रूड्रायव्हर घेऊन खाली शिरतो आणि स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने पत्रा वाजवत जातो. शाबूत पत्र्याचा आवाज खणखणीत येतो, सडलेल्याचा बद्द. बद्द आवाज आला की तो टोक दाबून बघतो. वरचा रंग शाबूत असतो, पण आत टोक सहज शिरतं आणि तपकिरी पापुद्रे खाली गळतात. दारांच्या तळाशी पाणी जाण्यासाठी बारीक भोकं असतात, ती चिखलाने बुजलेली असतील तर दार आतून कुजतंय. स्टेपनीची जागा आणि मॅटखालची फरशी हाताने चाचपायची. ओल लागली तर पाणी कुठून येतंय ते शोधायचं. पाच-दहा मिनिटांचं हे काम आहे. एखादा जुना मेस्त्री तेवढ्यात निकाल देऊन टाकतो: "आण्णा, इंजिनाचं काय घेऊन बसलाय, ते मी बांधून देतो. पण ह्यो पत्रा बघा, हात लावला की सुटतोय." हा निकाल आला तर पुढचं काही तपासायची गरज नाही, गाडी काढावी.

पत्रा पास झाला तर मग इंजिन. ते पुरतं तापू द्यायचं आणि चालू असतानाच ऑइल भरायचं झाकण सैल करून, उलटं करून, तिथेच तोंडावर ठेवायचं. झाकण किंचित थरथरलं तर ठीक. उडून पडायला लागलं आणि खालून धुराचे भपकारे आले, तर पिस्टनच्या रिंगांमधून जळालेला वायू खाली गळतोय. याला गॅरेजमध्ये ब्लोबाय म्हणतात. मग सायलेन्सरचा धूर. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा म्हणजे डिझेल जास्त जातंय किंवा हवा कमी पडतेय. बहुतेकदा फिल्टर, इंजेक्टर किंवा टर्बोकडे जाणाऱ्या नळीचा दोष, आणि तो तुलनेने स्वस्तात निघतो. तापलेल्या इंजिनातून पांढरा धूर येत राहिला आणि रेडिएटरचं पाणीही कमी होत असेल, तर हेड गॅस्केट बघायला हवं. शंका राहिलीच तर फिटरकडून प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजून घ्यावं. सगळ्यांचं थोडं कमी असेल तर ते वयोमानाप्रमाणे आहे. एकाचंच एकदम पडलेलं असेल तर तिथे काहीतरी मोडलंय.

ऑइल खाणारं इंजिन लगेच बांधायला काढावं असं मात्र नाही. हजार किलोमीटरला पाव-अर्धा लिटर ऑइल वर भरावं लागत असेल, तर भरत राहावं आणि चालवावं. ते पैसे इंजिन बांधण्याच्या खर्चाच्या व्याजाइतकेही होत नाहीत. फक्त दर आठवड्याला डिपस्टिक बघायची सवय हवी. ही सवय नसल्यामुळे कोरडी पडून जाम झालेली इंजिनं माझ्या पाहण्यात झिजून मेलेल्यांपेक्षा जास्त आहेत.

खरी परीक्षा रस्त्यावरच होते, आणि त्यासाठी आपल्याकडे घाटांची कमतरता नाही. मे महिन्यात पुण्याहून येताना घरची पाच माणसं, डिकीत सामान, एसी चालू, आणि खंबाटकी चढायचा. तापमानाचा काटा मधल्या जागेवरून हलला नाही, तर रेडिएटर, पाण्याचा पंप, थर्मोस्टॅट, फॅन सगळं जागेवर आहे. काटा वर सरकू लागला तर दुरुस्ती पुढे ढकलायची नाही, कारण एकदा इंजिन तापून हेड वाकलं की पाच हजारांचं काम पन्नास हजारांवर जातं. उतरणीची परीक्षा पाचगणीहून वाईला पसरणी घाटाने येताना. गिअरमध्ये उतरत असतानाही ब्रेकचा पाय खाली खाली जायला लागला, किंवा स्टिअरिंग एका बाजूला ओढू लागलं, तर ते काम आधी.

टायमिंगचंही एक सांगून ठेवतो. जुन्या अडीच लिटर डिझेल इनोव्हाला टायमिंग बेल्ट असतो आणि तो साधारण लाख-दीड लाख किलोमीटरला बदलावाच लागतो. तुटला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात आणि मग इंजिन उघडण्यावाचून गत्यंतर नसतं. डिझेल स्विफ्ट-डिझायरच्या तेराशे सीसी इंजिनाला चेन असते. ती बेल्टसारखी ठरावीक मुदतीने बदलायची नसते, पण तीन लाखांनंतर सकाळच्या पहिल्या स्टार्टला खडखड ऐकू येऊ लागली तर चेन आणि टेन्शनर बघून घ्यावेत. हेच इंजिन इंडिका व्हिस्टात आणि फियाटच्या गाड्यांतही होतं. त्यामुळे गाडी बंद झाली तरी सुटे भाग मिळतात, आणि गाडी ठेवण्याच्या बाजूने ही मोठी गोष्ट आहे. ज्या गाडीचा साधा सेन्सर मिळवायला महिना लागतो, ती कितीही सुंदर पळत असली तरी तिच्यावर घर अवलंबून ठेवू नये.

आता पैशांकडे येऊ. इथे दोन वाक्यं माणसाला हमखास चकवतात. पहिलं: "गाडीची किंमत दीड लाख आणि खर्च सांगतोय एक लाख, एवढा खर्च करण्यात काय अर्थ?" दुसरं नेमकं उलट: "गेल्या वर्षीच ऐंशी हजार घातलेत, आता कशी विकू?" दोन्हींत तुलना चुकीची आहे. गेल्या वर्षी घातलेले पैसे गेले, गाडी ठेवली काय आणि विकली काय, ते परत येणार नाहीत. आणि दुरुस्तीची तुलना गाडीच्या बाजारभावाशी करून उपयोग नाही, कारण गाडी विकल्यावर तुम्ही पायी फिरणार नसता. तुलना करायची ती एकाच गोष्टीची: ही गाडी पुढची काही वर्षं चालवायला दर वर्षी किती लागतील, आणि तिच्या जागी जी येईल तिला दर वर्षी किती लागतील. एसटीसारख्या सार्वजनिक वाहतूक संस्था किलोमीटरमागच्या खर्चाचा हिशेब ठेवतात, तो याचसाठी. घरच्या गाडीला वर्षाचा हिशेब सोपा पडतो.

एक नमुन्याचा हिशेब मांडू. आकडे आपापल्या गाडीचे घालावेत. समजा नव्या डिझेल गाडीची शोरूम किंमत ९ लाख. महाराष्ट्रात दहा लाखांखालच्या डिझेल गाडीला १३ टक्के एकरकमी वाहनकर, म्हणजे १ लाख १७ हजार. ८ लाखांचं कर्ज साडेनऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं, तर हप्ता सुमारे १६,८०० रुपये आणि पाच वर्षांत एकूण व्याज २ लाख ८ हजार. विम्याच्या कोष्टकात पाच वर्षांच्या गाडीची किंमत निम्मी धरतात, म्हणजे साडेचार लाख घटले. विम्याचे हप्ते पाच वर्षांचे दीड लाख धरा, सर्व्हिसिंगचे वर्षाला पंधरा हजार. सगळं मिळून पाच वर्षांत दहा लाख होतात. वर्षाला दोन लाख, डिझेल वेगळं.

आता घरची बोलेरो. बाजारात अडीच लाखांना जाईल. वर्षभरात किंमत पंचवीस हजारांनी उतरेल, विमा बारा हजार, किरकोळ-मोठी दुरुस्ती साठ हजार. झाले ९७ हजार. यंदा इंजिन बांधायला १ लाख २० हजार लागले, तरी ते इंजिन पुढे चार वर्षं चालणार असेल तर वर्षाचा वाटा तीस हजारांचाच. नवी गाडी वर्षाला पंधरा हजार किलोमीटरला दोनशे लिटर डिझेल वाचवेल. ते वीस हजार नव्या गाडीच्या बाजूला टाकले, तरी जुनी गाडी दीड लाखाच्या आतच राहते. म्हणजे "दुरुस्तीत पैसे जातात म्हणून विकली" हे कारण कागदावर सहसा टिकत नाही. सलग दोन वर्षं जुनीचा एकूण खर्च नवीच्या आकड्याला भिडला, तर मात्र समजावं की गाडी आता एकेक भागाने जायला लागली आहे.

या हिशेबात दोन गोष्टी बदलू शकतात. जागी नवी न आणता चार-पाच वर्षांची, माहितीतल्या घरची गाडी आणली तर वर्षाचा खर्च बराच खाली येतो, आणि मला स्वतःला हा मार्ग सगळ्यात शहाणपणाचा वाटतो. दुसरं, सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. नव्या गाड्या स्वस्त झाल्या की जुन्यांचे भाव आपोआप खाली बसतात. चार वर्षांपूर्वी शेजाऱ्याच्या गाडीला आलेला भाव मनात धरून बसलात तर गाडी दारात उभी राहून आणखी उतरेल.

नवी घेतानाही वापर बघावा. एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झाल्यावर डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी पकडणारा फिल्टर आला. ही काजळी जळून जायला गाडी अधूनमधून हायवेवर सलग पळावी लागते. मळा ते डेअरी एवढाच फेरा असणाऱ्याने जुनी डिझेल विकून नवी डिझेल घेतली तर हा फिल्टर सारखा तुंबणार. त्याला पेट्रोल किंवा सीएनजी बरी.

पेट्रोलवाल्यांसाठी वेगळी गोष्ट. आपल्याच उसापासून आपल्याच कारखान्यांत बनलेलं इथेनॉल आता पेट्रोलमध्ये वीस टक्के असतं. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात, मुळात इथेनॉलविना पेट्रोलसाठी रचलेल्या आणि दहा टक्क्यांसाठी जुळवून घेतलेल्या चारचाकींचं ॲव्हरेज वीस टक्के मिश्रणाने ६ ते ७ टक्क्यांनी घटेल असं म्हटलं होतं. वीस लिटरमागे सव्वा लिटर. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे जुन्या गाड्यांतल्या रबरी नळ्या, गॅस्केट आणि पंपातले पडदे. पंधरा-वीस वर्षांच्या पेट्रोल गाडीच्या इंधनाच्या नळ्या एकदा बदलून घ्याव्यात. खर्च किरकोळ आहे आणि पेट्रोल गळून लागणारी आग किरकोळ नसते.

पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारात द्यावी लागते, असा समज गावोगाव आहे. तो खरा नाही. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर आरटीओत गाडी दाखवून, ती योग्य ठरल्यास, पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण होतं. दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवरची बंदी राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये घातली ती दिल्ली परिसरासाठी. सर्वोच्च न्यायालयाने ती २०१८ मध्ये कायम केली आणि २०२५ मध्ये त्यात फेरफारही केले. साताऱ्याच्या गाडीला ती लागू नाही. सरकारी गाड्यांचं वेगळं आहे. एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी पुढे चालत नाही, आणि त्यात एसटीच्या बसही आल्या. माल-प्रवासी वाहतुकीच्या गाड्यांना आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांनी आणि नंतर दर वर्षी फिटनेस घ्यावा लागतो, त्यामुळे पिकअपवाल्याचा हिशेब घरच्या गाडीपेक्षा लवकर बदलतो.

नूतनीकरण स्वस्त मात्र राहिलेलं नाही. एप्रिल २०२२ पासून मोटारीची फी ६०० वरून ५,००० रुपये झाली आणि दुचाकीची ३०० वरून १,०००. वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये ती मोटारीला १०,००० आणि दुचाकीला २,००० रुपये करण्यात आली. उशीर केला तर मोटारीला महिन्याला ५०० रुपये दंड. शिवाय राज्याचा पर्यावरण कर. हे सगळं मिळूनही पाच वर्षांत विभागलं तर गाडी विकण्याइतकं मोठं कारण होत नाही. कागद वेळेत करावेत, एवढंच.

दिल्लीकडच्या त्या बंदीचा एक धागा आपल्या गलाईवाल्या भागापर्यंत येतो. तिकडे वयाने बाद ठरणाऱ्या चांगल्या डिझेल गाड्या स्वस्तात मिळतात आणि गावाकडे आणल्या जातात. व्यवहार वाईट नाही, पण तिकडच्या आरटीओचं ना-हरकत प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म २८, हातात आल्याशिवाय पैसे देऊ नयेत. परराज्यातली गाडी बारा महिन्यांहून जास्त इथे ठेवली तर इथला नंबर घ्यावा लागतो आणि इथला करही भरावा लागतो. तो धरूनच गाडी स्वस्त की महाग ते ठरवावं.

हिशेब जमतोय म्हणून गाडी ठेवावीच असंही नाही. २०१९ पासून नव्या मोटारींना एबीएस आणि चालकाची एअरबॅग सक्तीची झाली. २०११ च्या साध्या मॉडेलमध्ये यातलं बहुधा काहीच नाही. घरातली मुलं दर आठवड्याला हायवेवरून पुण्याला जात-येत असतील, तर या एका कारणासाठी वर्षाला लाखभर जादा गेले तरी ते सार्थकी लागले असं मी म्हणेन. घरात डायलिसिसचा रुग्ण असेल, आणि रात्री-अपरात्री मिरजेला न्यावं लागत असेल, तर सकाळी स्टार्ट होईल की नाही याची धाकधूक असलेली गाडी एक दिवसही नको. आणि चेसी शाबूत, इंजिन शाबूत, गाडी जिल्ह्यातच फिरणारी असेल, तर लोक काय म्हणतील या भीतीने कर्ज काढू नये. पाहुण्यारावळ्यांत गाडीवरून माणसाची पत ठरते हे खरं आहे. हप्ते मात्र पाहुणे भरत नाहीत.

पुरातल्या गाडीबद्दल सांगलीकरांना वेगळं सांगायला नको. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ५७ फुटांच्या वर गेलं. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला. पाण्यात उभी राहिलेली गाडी धुऊन-पुसून चालू होते, पण चिखल वायरिंगच्या जोडांत बसतो आणि वर्ष-दोन वर्षांनी एकेक सेन्सर, एकेक मोटर जाऊ लागते. हा दोष शोधणं आणि कायमचा काढणं फिटरलाही अवघड जातं. तुमची गाडी डॅशबोर्डपर्यंत बुडालेली असेल तर पुढच्या खर्चाचा अंदाजच बांधता येत नाही, आणि अंदाज न येणारी गाडी ठेवण्याच्या मी विरुद्ध आहे. विकताना मात्र घेणाऱ्याला ते सांगून, त्या भावात विकावी. पुराचं पाणी ओसरल्यावर घाईने स्टार्टर मारायचा नाही, हेही इथेच सांगतो. सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि साध्या विम्यात हे नुकसान सहसा बसत नाही.

विकायचं ठरलं, की आपल्याकडची सगळ्यात धोक्याची प्रथा पुढे येते. मालकी बदलण्याच्या कोऱ्या टीओ फॉर्मवर सह्या, बाँडवर नोटरी, पैसे हातात आणि गाडी गेली. नाव बदलायचं ते घेणारा बदलेल. तो पुढे दुसऱ्याला विकतो, दुसरा तिसऱ्याला, आणि नोंद तुमच्याच नावावर राहते. सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात २०१८ मध्ये नेमकं अशाच गाडीबद्दल सांगितलं. गाडी पहिल्या मालकाकडून हातोहात पुढे गेली होती, नोंद मात्र त्याच्याच नावावर होती, आणि २००९ मध्ये झालेल्या अपघाताच्या भरपाईची जबाबदारी न्यायालयाने या नोंदणीकृत मालकावर टाकली. नोटरीचा कागद तिथे वाचवत नाही. कायद्याने विकणाऱ्याने चौदा दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. फॉर्म २९ आणि ३० भरून, बँकेचा बोजा असेल तर फॉर्म ३५ ने तो उतरवून, नवं नाव चढलेलं ऑनलाइन स्वतः बघेपर्यंत थोडी रक्कम हातात राखून ठेवावी. एजंट कुरकुर करतो, पण त्याला गाडी हवी असेल तर तो थांबतो.

त्याच वेळी आणखी दोन कामं उरकावीत. फास्टॅग बंद करून घ्यावा, नाहीतर तासवडेचा आणि आनेवाडीचा टोल तुमच्या खात्यातून जात राहील. आणि विमा कंपनीकडून नो क्लेम बोनसचं प्रमाणपत्र मागून घ्यावं. हा बोनस गाडीचा नसून मालकाचा असतो. पाच वर्षं दावा केला नसेल तर तो पन्नास टक्क्यांपर्यंत पोहोचलेला असतो, आणि पुढच्या गाडीच्या विम्यात तो वळवता येतो. बरेच जण तो जुन्या गाडीबरोबर सोडून देतात.

भंगारातच द्यायची असेल, तर जवळच्या भंगारवाल्याला वजनावर देणं सोपं वाटतं. पण आरसी जिवंत राहते आणि चेसी नंबर कुणाच्या हाती लागेल सांगता येत नाही. २०२१ च्या धोरणानुसार नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात गाडी दिली की ठेव प्रमाणपत्र मिळतं, त्यावर नव्या खासगी गाडीच्या वाहनकरात सवलत देण्याची तरतूद आहे आणि गाडीची नोंदणी रद्द होते. नोंदणी रद्द झाल्याचा कागद मिळेपर्यंत आरसीची आणि दिलेल्या गाडीच्या पावतीची प्रत घरी जपून ठेवावी.